गुडघ्याच्या मापाची होडी

चाळिशी उलटल्यावर माणसाने काय काय विकत घ्यावे याची एक अलिखित यादी आपल्याकडे ठरून गेलेली आहे. जवळचे वाचायचा चष्मा, आयुर्विमा, रक्तदाब मोजायचे यंत्र, सकाळी फिरायला जाण्यासाठी बूट, आणि जमल्यास गावाकडे जमिनीचा एखादा तुकडा. या यादीत होडी नाही. त्यातही दगडांवरून फेसाळत धावणाऱ्या नदीत गुडघे टेकून चालवायची होडी तर मुळीच नाही. म्हणूनच गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी, पोहे खाता खाता, "मी कनू घेणार आहे," असे मी जाहीर केले तेव्हा आमच्या हिने चमचा बशीत ठेवला आणि विचारले,

"कनूकडून काय घेणार आहात?"

नाहूरला राहणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारावा हे अगदी रास्त आहे. आमच्या एका अंगाला भांडुप आणि दुसऱ्या अंगाला मुलुंड. मुलुंडात कनूभाई नावाचे पाच-दहा गृहस्थ सहज भेटावेत. त्यांतल्या एखाद्याकडून मी फरसाण, कापड किंवा फार तर म्युच्युअल फंड घेणार असेन, असा तिचा समज झाला. कनू ही एक होडी असते हे कळल्यावर मात्र तिच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते पाहून मला वाटले, फरसाण परवडले असते.

वाचकांपैकीही काहींचा असाच गोंधळ व्हायचा, म्हणून आधी ओळख करून देतो. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. कोलंबसाच्या मागून तो स्पॅनिश भाषेत शिरला आणि तिथून जगभर गेला. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अंगाने हलकी होडी. तिच्यात माणूस गुडघे टेकून बसतो आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने ती हाकतो. तिची चुलत बहीण म्हणजे कयाक. ती उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली. तिच्यात पाय पुढे पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे फिरवायचे. कयाकवाला आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसतो, तर कनूवाला पूजेला बसल्यासारखा. मला मात्र पहिल्यापासून पूजेचीच बैठक मिळाली.

एम.ए. होऊन मी नोकरी शोधत होतो त्या काळातली, म्हणजे २००२ ते २००५ या वर्षांतली ही हकीकत. एका मित्राच्या नादाने मी हृषीकेशच्या वर शिवपुरीला गेलो आणि गंगेच्या काठावरच्या एका तंबूत महिनाभर राहिलो. पुढे ओळीने प्रत्येक उन्हाळा तिथेच गेला. आमचे उस्ताद नेपाळचे होते. जुन्या प्लास्टिकच्या कयाकमधली बसायची जागा काढून तिथे त्यांनी फोमचा एक ठोकळा बसवला होता. त्यावर घोड्यावर मांड टाकावी तसे बसून ते मला पाण्यात ढकलून देत. नेट परीक्षेची पुस्तके तंबूत उशाला असत आणि मी दिवसभर पाण्यात. ज्या दगडांवरून पाणी कोसळते त्यांच्याच पाठीमागे थोडेसे पाणी उलटे फिरून थबकते. त्या थबकलेल्या पाण्यात होडी वळवून घ्यायची, श्वास घ्यायचा, पुढचा दगड पाहायचा आणि पुन्हा प्रवाहात शिरायचे. सगळी विद्या एवढीच आहे. ती येऊ लागली की माणसाला आपण नदीशी बोलत आहोत असे वाटू लागते.

मग नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी झाली, आईचे आजारपण निघाले. होडी सुटली. कोणी विचारले तर मी हेच सांगत आलो. ते खोटे नव्हते, पण पुरतेपणी खरेही नव्हते. ते पुढे येईलच.

गेल्या डिसेंबरात आमच्या कॉलेजची सहल कोलाडला गेली. रायगड जिल्ह्यातले हे गाव कुंडलिका नदीकाठी आहे. तिथे रबरी तराफ्यांतून खळाळत्या पाण्यावरून जायची सोय आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांना त्यासाठीच जायचे होते. सोबतचे प्राध्यापक म्हणून माझ्याकडे काम होते हजेरीपटाचे आणि चपलांच्या राखणीचे. मुले ओरडत पाण्यावरून गेली. मी काठावर उभा होतो. इतक्यात एक तरुण एकटाच छोट्या होडीतून आला, एका दगडाआड सर्रकन वळला आणि थांबला. त्याचे वल्हे पाण्यावर नुसते टेकलेले होते.

"सर, काही हरवलं का?" मागून एका विद्यार्थिनीने विचारले.

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी गवतावर दोन्ही गुडघे टेकून बसलो आहे.

"हो," मी म्हणालो, "चष्म्याचं घर."

त्यानंतर महिनाभराने पोहे खाताना झालेली ती घोषणा.

घरात तीन आक्षेप निघाले. पहिला पैशांचा. त्या वर्षी दिवाणखान्यात नवा सोफा घ्यायचा, असे ठरले होते आणि त्यासाठी हिने पन्नास हजार रुपये बाजूला काढले होते. त्यांत माझ्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या पैशांचाही वाटा होता हे मी नम्रपणे सुचवून पाहिले. दुसरा आक्षेप जागेचा. आणि तिसरा वयाचा.

"वीस वर्षांनी कोणी परत खेळायला लागतं का?"

या प्रश्नाचे उत्तर मी पाठ करूनच ठेवले होते. पांढऱ्या पाण्यावरचा हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो १९७२ साली, म्युनिकच्या वेळी. आउग्सबुर्ग गावी त्यासाठी मुद्दाम पाण्याचा पाट बांधला होता. त्यानंतर तो ऑलिंपिकमधून गेला तो थेट १९९२ साली बार्सिलोनाला परत आला. "खेळच वीस वर्षांनी परत येतो, तर खेळाडूने का येऊ नये?" असे मी विचारले. ही काही बोलली नाही, पण मुलगी हसली. ती त्या वेळी बारावीच्या अभ्यासात बुडालेली होती आणि अभ्यासाखेरीज कोणताही विषय तिला प्रिय होता.

"बाबा, पण ती ठेवणार कुठे? आपण आधी मापून बघू," ती म्हणाली.

माझ्या पिशवीत खडूंना तोटा नाही. तिने दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने होडी काढायला घेतली. अकरा फुटांची होडी खिडकीपासून निघून टीपॉयखालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकली. आमची लिफ्ट सहा फुटांची. जिन्याच्या वळणावर अकरा फुटांचे काहीही वळत नाही हे शेजाऱ्यांच्या कपाटाने पूर्वीच सिद्ध केले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सहज म्हणून विचारले, तर त्यांनी वाहनतळाच्या नियमांत होडी चारचाकीत धरायची की दुचाकीत, असा प्रतिप्रश्न केला.

पण त्या खडूच्या होडीने मला एक निराळीच गोष्ट शिकवली. मुलीचे चित्र पुरे झाल्यावर मी तिच्यात जाऊन गुडघे टेकून बसलो. घोटे मागे दुमडले, पाठ ताठ केली, हातात हिचा लाटणे घेतलेला वल्ह्यासारखा आविर्भाव केला. तीन मिनिटे बरी गेली. चौथ्या मिनिटाला पावलांना मुंग्या आल्या. सहाव्या मिनिटाला मला उठता येईना. मुलीने हात दिला तेव्हा मी खुर्ची धरून उभा राहिलो. ती विनोद म्हणून हसत होती, आणि मीही हसलो. पण मनात कोठेतरी चरका बसला. तेवीस वर्षांचा असताना मी याच बैठकीत तास-तास बसत असे. होडी किती फुटांची घ्यावी हा प्रश्न तिथेच मागे पडला. माझ्यापुढे आता खरा प्रश्न होता, तो माझे गुडघे किती मिनिटांचे आहेत हा.

तरीही शहाणपण असे लगेच अंगी लागत नाही. मी बाजार पाहायला लागलो. परदेशातल्या नव्या कनूची किंमत दीड-दोन हजार डॉलर आणि त्याहून वरही. त्यात जहाजाचे भाडे आणि जकात मिळवली की सोफ्यांचे अख्खे दुकान येईल. हवा भरून फुगवायची होडीही मिळते. कोलाडला आणि हृषीकेशला तिला 'डकी' म्हणतात. ती पिशवीत मावते, लोकलमधूनसुद्धा नेता येते, दगडावर आपटली तरी चेंडूसारखी उडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने खुशाल ती घ्यावी. पण ती पाण्यावर बसते, पाण्यात बसत नाही. कडेवर कलून वळायची जी गंमत मला हवी होती ती तिच्यात नव्हती. सरोवरात शर्यतीसाठी वापरतात त्या फायबरग्लासच्या होड्या आपल्याकडे आहेत, पण त्यांनी एका दगडाचा मुका घेतला की संपले.

मार्चमध्ये कोलाडहून एक निरोप आला. एका व्यावसायिकाकडे आठ फुटांची जुनी प्लास्टिकची कयाक विकायची होती. किंमत अठरा हजार. आतली बैठक काढून आणि फोमचा ठोकळा बसवून तिची कनू करता येण्यासारखी होती, अगदी आमच्या उस्तादांच्या होडीसारखी. स्वस्तात कनू मिळवण्याचा हा जगभर चालणारा मार्ग आहे. ती पाहताच मी तेवीस वर्षांचा झालो. आखूड, तळाला केळ्यासारखा बाक, कडा धारदार. तिथल्या मुलांनी तासाभरात ठोकळा आणि मांड्यांवरून जायचे पट्टे बसवून दिले. जिथे नदी शांत होते अशा पाण्यात मी उतरलो. पाच-सात मिनिटे स्वर्ग होता.

मग ती कलंडली. शांत पाण्यातच, काही कारण नसताना, माझा तोल डावीकडे गेला. वल्ह्याच्या टेक्याने होडी सावरायची हे हातांना आठवले, पण उशिरा. मी पाण्याखाली उलटा झालो. घाबरायचे काही नव्हते. पट्टा ओढायचा, गुडघे सोडवायचे, बाहेर यायचे. पट्टा सुटला, पण पाय सुटेनात. त्यांना मुंग्या आल्या होत्या, ते माझे नव्हतेच. तिथल्या एका मुलाने होडी सुलटी केली. तो म्हणाला, "सर, पाच-सहा सेकंदच होता." मला ते पाच-सहा सेकंद वीस वर्षांचे वाटले, कारण पाण्याखाली मला दुसरेच पाणी आठवले होते.

ते पाणी म्हणजे शिवपुरीच्या खालचा 'गोल्फ कोर्स'. गंगेतल्या त्या खळाळाचे नाव इतके साळसूद आहे की त्यावर कोणी भरवसा ठेवू नये. २००५ च्या मे महिन्यात मी तिथे उलटलो होतो. दगडावरून पडलेले पाणी जिथे पुन्हा स्वतःकडेच वळते अशा जागी अडकलो आणि किती वेळ घुसळला गेलो कोण जाणे. उस्तादांनी दोर टाकून ओढून काढले. त्या रात्री मी सामान बांधले. नोकरीचे पत्र त्यानंतर दोन महिन्यांनी आले. संसाराने होडी सोडवली असे मी सर्वांना सांगत आलो, त्यात ती दोन महिन्यांची फट होती. ती कोणी पाहिली नव्हती. कधी कधी मीसुद्धा नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी हिला सगळे सांगितले. लग्नाला अठरा वर्षे झाली होती, पण ही गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती. ती कणीक मळत होती. तिने मळणे थांबवले नाही.

"म्हणजे तुम्ही भीतीने सोडलंत," ती म्हणाली.

"हो."

"आणि आता ती भीती गेली?"

"नाही."

तिने परातीवर ताट झाकले, हात धुतले. मग म्हणाली, "गेली असती तर मी नको म्हटलं असतं. पण ही होडी नको. तुम्हाला धरून ठेवते ती. जिच्यातून पडता येईल अशी बघा."

मराठीचा प्राध्यापक म्हणून अनेक ग्रंथांचे सार मी वर्गात सांगत आलो आहे, पण एका विषयाचे सार इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलेले नाही. जिच्यातून पडता येईल अशी होडी! वर पत्रा नसलेली, मोकळ्या तोंडाची. उलटली तर माणूस आपोआप बाहेर.

अशी होडी मिळाली ती मुळशीजवळ. एक परदेशी अभियंता पुण्यात नोकरीला असताना ती घेऊन आला होता आणि परत जाताना ओळखीच्यांच्या शेतावर टाकून गेला होता. आंब्याखालच्या शेडमध्ये ती पालथी पडली होती. वर कोंबड्या बसत. साडेचौदा फूट लांब, रंग कधीकाळी तांबडा, अंगावर ओरखड्यांची जाळी. ती रॉयलेक्सची होती, हे बोट लावताच कळले. युनिरॉयल या अमेरिकेतल्या टायरवाल्या कंपनीने शोधलेला हा पदार्थ. मध्ये फोमचा गाभा, दोन्ही अंगांना कठीण प्लास्टिक आणि वरून उन्हापासून राखणारी पातळ कातडी. याची होडी दगडाला गुंडाळली जाऊन पार वाकली तरी पुष्कळदा पुन्हा मूळ आकाराला येते. २०१४ च्या सुमारास त्याचे उत्पादनच बंद झाले आणि तेव्हापासून जुन्या होड्यांना जाणकारांत मान आला. पुढे कॅनडात तशाच जातीचा नवा पदार्थ निघाला, पण तो आपल्या आवाक्यातला नव्हे.

जुनी होडी घेताना काय पाहावे ते इथे सांगून टाकतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ओरखड्यांना भिऊ नये, ते पावसाळ्यांसारखे असतात, मोजायचे नसतात. तळावर सगळीकडे अंगठा दाबून पाहावे. कुठे मऊ लागले तर आतला गाभा चुरला आहे असे समजावे. दोन्ही टोकांशी, जिथे होडी दगडाला पहिल्यांदा भिडते, तिथे वरची कातडी झिजून आतला थर दिसतो का ते पाहावे. थोडा दिसला तर तिथे जाड पट्टी चिकटवून भागते. उन्हात वर्षानुवर्षे पडलेली होडी ठिसूळ होते, ही सावलीत होती. काठाच्या लाकडी पट्ट्या कुजल्या होत्या, पण त्या नव्या करता येतात. शेवटी ती जमिनीवर ठेवून एका डोळ्याने लांबून पाहावी, पलंगाची काठी घेताना पाहतो तशी. पिळवटलेली होडी फुकटातही घेऊ नये.

मी तिच्यात गुडघे टेकून बसलो, आणि कोंबड्यांच्या देखत हिशेब मांडला. घोट्यांना मोकळीक हवी, म्हणून बैठक उंच हवी. बैठक उंच झाली की वजन वर जाते आणि होडी कलंडायला सोपी होते. ती कलंडू नये म्हणून रुंद हवी. रुंद झाली की ती जड आणि मंद होते, उशिरा वळते. उशिरा वळणार म्हणून पुढचा दगड आधीच पाहून ठेवायला हवा. म्हणजे पंचविशीत जे काम मनगट करी ते सेहेचाळिशीत डोळ्यांनी करायचे. होडी माझ्या गुडघ्याच्या मापाने निवडली की बाकीचे सगळे आपोआप ठरत जात होते. तरुणपणी मला नदीवर मात करणारी होडी हवी असे. आता नदी वाचायला वेळ देणारी हवी होती. आणि वाचणे हा तर माझा धंदाच.

आणखी एक गोष्ट होती. साडेचौदा फुटांत दोन माणसे बसतात.

होडी अठ्ठावीस हजारांना ठरली. पुढचा हिशेब असा. लाकडी पट्ट्या एका सुताराने तीन हजारांत बसवल्या. अशी होडी पाण्याने भरली तर तीन-चारशे लिटर पाणी धरते, म्हणजे तितकेच किलो, आणि मग ती कोणाच्या बापाला आवरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या भरून ठेवतात. विकतच्या महाग, तेव्हा मी भांडुपच्या एका पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्या आणि त्या नायलॉनच्या दोरीने जाळी विणून आत जखडल्या. ट्यूबा कशासाठी हे ऐकल्यावर पंक्चरवाल्याने चार ठिगळे फुकट लावून दिली. चपलांचे तळवे ज्याचे करतात त्या फोमचे जाड तुकडे एकावर एक चिकटवून बैठका कोरल्या. ते काम घरीच झाले आणि आठवडाभर आमच्या आमटीतसुद्धा फोमचा भुगा निघत होता. मांड्यांवरचे पट्टे मी लावले नाहीत. दोन लाइफ जॅकेटे आणि दोन हेल्मेटे मात्र नवी आणि चांगली घेतली. जुनी होडी चालते, पण जुने जॅकेट घेऊ नये. त्यातला फोम किती थकला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. सगळे मिळून पन्नास हजारांच्या वर चार हजार गेले. सोफा होता तसाच राहिला. त्याला नवे अभ्रे आले.

राहता राहिला जागेचा प्रश्न. होडी नाहूरला आलीच नाही. कोलाडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, वरच्या वाशांना टांगून ती राहते. वर्षाचे थोडे भाडे आणि दिवाळीला फराळाचा डबा, असा करार आहे. मुळशीहून तिला टेम्पोत घालून ताम्हिणी घाटाने उतरवली. मी मागे होडीपाशी बसलो होतो. घाटात एका वळणावर मला जाणवले की आम्ही पाण्याच्याच वाटेने चाललो आहोत.

मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. मुळेचे पाणी खरे पाहता पूर्वेला जायचे. पुणे, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला. धरणाने ते अडवले, सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणले आणि त्याच्यावर वीज केली. १९२७ पासून ही वीज मुंबईला उजळते आहे. काम आटोपलेले पाणी कुंडलिकेत सुटते. म्हणून भर उन्हाळ्यातही कोलाडला सकाळी नदी भरून येते आणि तराफेवाले धावतात. वीजगृहाने पाणी सोडले नाही तर नुसते दगड. ज्या पाण्यावर आम्ही हौसेने खेळतो ते आधी मुंबईच्या कामावर जाऊन आलेले पाणी आहे. आणि त्याही आधी, १९२१ साली, त्या धरणाखाली आपली शेते जाऊ नयेत म्हणून मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. शेते गेलीच. घाट उतरताना मला हे आठवले आणि मी होडीवरचा हात काढून घेतला. स्वस्त होडी मिळाल्याचा माझा आनंद कमी झाला नाही, पण नदी फुकट मिळते असे मी त्यानंतर कधी म्हटलेले नाही.

मे महिन्यात, मुलीची परीक्षा संपून गेल्यावर, आम्ही पहिल्यांदा पाण्यात उतरलो. पुढे ती, मागे मी. काठावर आणि आमच्या पुढे-मागे तिथली जाणती मुले होती; एकट्याने अशा पाण्यात जायचे नाही हा नियम मी आता कोणाहीसाठी मोडत नाही. आधी चार दिवस आम्ही शांत पाण्यात मुद्दाम पडण्याचा सराव केला. ही काठावर उभी राहून मोजत होती. मुलगी अकरा वेळा, मी चौदा वेळा. दर वेळी आम्ही सहज बाहेर आलो, तेव्हा तिने मान हलवली आणि थर्मास उघडला.

"बाबा, यात मुलींची स्पर्धा असते?" मुलीने विचारले. मी सांगितले, एकपाती वल्ह्याच्या होडीत बायकांना ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो टोकियोला, २०२१ साली झालेल्या स्पर्धांत. आणि लांब कशाला, २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडियाच्या मुलामुलींनी हा खेळ महेश्वरला खेळला, नर्मदेच्या सहस्रधारेत. अहिल्याबाईंचे महेश्वर म्हटल्यावर तिने वळून माझ्याकडे पाहिले. "मग आपण उशीर नाही केला," ती म्हणाली.

पहिल्या खळाळापाशी माझे तोंड कोरडे पडले. पाण्याचा तो आवाज वीस वर्षांत जरासुद्धा बदलला नव्हता. मी दगड पाहिला, त्याच्यामागचे थबकलेले पाणी पाहिले, आणि "उजवीकडे!" म्हणून ओरडलो. आमची जाडी, मंद, ठिगळांची होडी सावकाश वळली, अगदी वेळेवर नव्हे पण वळली, आणि दगडाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. होडीत बादलीभर पाणी आले होते. माझे गुडघे दुखत होते. मी घड्याळ पाहिले. बावीस मिनिटे झाली होती.

वल्ही मात्र मी नाहूरला आणली आहेत, ती दाराआड उभी असतात. परवा दिवाळीच्या साफसफाईत हिने त्यांतले एक घेऊन कोपऱ्यातली जळमटे काढली. एकपाती वल्ह्याची धरायची पद्धत तिला कोणी शिकवलेली नव्हती, पण वरचा हात आणि खालचा हात अगदी बरोबर होते. मुलीने ते पाहिले आणि माझ्याकडे पाहून भुवई उचलली. यंदा दारात रांगोळी कनूची काढायची, असे तिने ठरवले आहे. जागा पुरणार नाही, हे मी तिला सांगितले आहे. ती म्हणते, शेजारच्या दारापर्यंत जाईल.

साडेचौदा फुटांत तिसऱ्या माणसाला जागा होते का, हे मला आता खडू घेऊन एकदा पाहायचे आहे.